वडिलांसाठी बसलेलं गाव

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. तिथे नागली, म्हणजे नाचणी, रोज दळत नाहीत. शनिवारी दुपारी, गहू, ज्वारी, बेसन सगळं उरकल्यावर नागलीची पाळी येते, कारण तिचं पीठ दगडांना धरून राहतं आणि पुढच्या माणसाचा गहू काळपट करतं. मागच्या शनिवारी मी डबा घेऊन गेलो तर गिरणीवाले भाऊ म्हणाले, "सर, थांबावं लागंल. या ताईंचं बेसन होऊ द्या."

मी बाकावर बसलो.

"डॉक्टरनं सांगितली का नागली?" त्यांनी चाळणी झटकत विचारलं. "हल्ली सगळ्यांना डॉक्टरच सांगतो."

"नाही हो. आम्ही लहानपणापासून खातो."

"मग तुम्ही डॉक्टरच्या आधीचे," ते म्हणाले, आणि बेसनवाल्या ताईसुद्धा हसल्या.

थोड्या वेळाने माझा डबा वर ओतला गेला आणि वास सुटला. गरम नागलीच्या पिठाचा वास कशासारखा असतो हे मला कधीच नीट सांगता आलेलं नाही. थोडा भाजलेल्या मातीचा, थोडा धुरात टांगलेल्या टोपलीचा. एवढं मात्र सांगता येईल की या वासाची माझ्यापाशी दोन गावं आहेत. एक पेठच्या पलीकडे, डोंगरात, जिथे मी जन्मलो. दुसरं टांझानियाच्या दक्षिणेला, तेही डोंगरातच, जिथे मी मिशनरी म्हणून काही वर्षं राहिलो. गिरणीच्या बाकावर बसलं की ती दोन्ही गावं शेजारी शेजारी येऊन उभी राहतात. मधला समुद्र कुठे जातो कळत नाही.

आमचं गाव वर्षातले सहा-सात महिनेच गाव असायचं. भात झोडून झाला, नागली कणगीत पडली, की दिवाळीनंतर माणसं खाली उतरायची. खाली म्हणजे निफाड, पिंपळगाव बसवंतच्या बाजूला, द्राक्षांच्या मुलखात. टेम्पोत आधी भांडी चढायची, मग पिठाची गाठोडी, मग कोंबड्या, आणि उरलेल्या जागेत आम्ही पोरं. घाट उतरताना कोंबड्या गप्प बसायच्या आणि पोरं ओरडायची. सपाटीला लागलो की उलट.

बागेच्या कडेला पाल पडायचं. पहाटे थंडी अशी असायची की हंड्यातल्या पाण्याला हात लावायला कोणी पुढे होत नसे. तारांवर दव लोंबायचं. कपड्यांत, अंथरुणात, भाकरीतसुद्धा गंधकाचा वास. ऊन थोडं वर आलं की बाया घडांची विरळणी करायला बसायच्या, आणि त्यांच्या हातांतल्या बारक्या कात्र्या एकदम चालू झाल्या की सगळ्या बागेत किडे बोलू लागल्यासारखं वाटायचं. कापलेले हिरवे मणी पायाखाली फुटत. आई विरळणीला असायची आणि वडील फवारणीची नळी ओढायला. त्यांच्या हातांचा औषधाचा वास रविवारीसुद्धा जात नसे. पालासमोर आम्ही डोंगरातली चार-पाच विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, घरं मिळून प्रार्थना करायचो, तेव्हा वडील डोळे मिटून हात जोडायचे आणि मी शेजारी बसून तो वास घ्यायचो. आजही कुठे कोणी प्रार्थनेला हात जोडले की मला उगाच बागेत आल्यासारखं होतं.

द्राक्षं आम्ही खाल्लीच नाहीत असं नाही. पण ती आमची नव्हती, म्हणून असेल, चव लक्षात राहिलेली नाही.

वडिलांना वाचता येत नव्हतं. मिशनच्या वसतिगृहात मला सोडायला आले तेव्हा त्यांनी तिथल्या बाईंना एकच प्रश्न विचारला, "जेवायला कितींदा देता?"

"दोनदा. शिवाय सकाळी पेज," बाई म्हणाल्या.

"मग ह्यो आता घरी यायचा नाय," वडील म्हणाले. ते थट्टेत म्हणाले होते, पण घडलं जवळजवळ तसंच. मी सुट्टीतच घरी जायचो, आणि सुट्टीत घर बहुतेक निफाडला असायचं.

त्या वसतिगृहात झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो वाजला की उठायचं, तो वाजला की जेवायचं, तो वाजला की दिवा मालवायचा. त्या रुळाच्या आवाजावर मी दहावी झालो, पुढे नाशिकला बी.एस्सी. आणि बी.एड. झालो. आमच्या डोंगरातल्या ओळखीच्या घरांत पदवी घेतलेला मी पहिला. त्यात माझं फार काही होतं असं मला कधी वाटलं नाही. कोणी वापरलेली पुस्तकं दिली, कोणी जिन्याखालची खोली दिली, चर्चच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दर महिन्याला लोणच्याची बरणी दिली आणि रिकामी बरणी परत मागताना "पास झालास का?" एवढंच विचारलं. इतकी माणसं हात लावतात तेव्हा एक मुलगा उभा राहतो. म्हणून, परदेशातल्या एका शाळेला विज्ञानाचा शिक्षक हवा आहे, सेवा म्हणून कोणी जाईल का, असं पाळकांनी उपासनेनंतर विचारलं, तेव्हा माझा हात वर गेला. विचार नंतर आला.

निघायच्या दिवशी आई-वडील नाशिकच्या बसस्टँडवर आले होते. बागेतून थेट आले होते.

"तिकडं द्राक्षं हायत का?" वडिलांनी विचारलं.

"आमच्या भागात तरी नाहीत म्हणे."

"मग बरं हाय. हाताला वास लागणार नाय."

आई म्हणाली, "पाणी बघून पी." मग बस लागली.

टांझानियातलं ते गाव धुक्यात असायचं. जूनमध्ये कडाक्याची थंडी आणि डिसेंबरात पाऊस, म्हणजे माझ्या अंगातलं सगळं पंचांग उलटं. लाल मातीची वाट, तिच्या दोन्ही बाजूंना मका, पत्र्याचं छप्पर असलेली विटांची शाळा, आणि शाळेसमोर झाडाला टांगलेली ट्रकच्या चाकाची लोखंडी कडी. पहिल्या सकाळी एका मुलीने दगडाने ती कडी वाजवली आणि मी, चांगला मोठा माणूस, अंथरुणात उठून बसलो. मला वाटलं वसतिगृहात उशीर झाला.

मिशनरी म्हणजे देणारा, असं मी समजून गेलो होतो. शिकवायचं, रविवारी लहान मुलांचा वर्ग घ्यायचा, पाळकांबरोबर आजाऱ्यांना भेटायला जायचं. हे सगळं मी केलं. पण पहिलं वर्षभर खरं काम घेण्याचंच होतं. कोणी दाराशी भोपळा ठेवून जाई, कोणी टोपीत अंडी घेऊन येई. मी चुकीच्या भाषेत आभार मानायचो आणि ती माणसं मला नीट भाषेत परत म्हणायला लावायची. भारतीय माणूस त्यांना माहीत होता, पण तो तालुक्याच्या गावी दुकानात, वजनकाट्यामागे बसलेला. कुदळ घेऊन परसात उभा असलेला भारतीय त्यांनी पाहिला नव्हता. शाळेतली मुलं कुंपणाशी रांग लावून बघत राहायची. एकदा एकाने विचारलं, "मास्तर, तुझं दुकान बुडालं का?"

वाटेत कोणी भेटलं की तिथे आधी घर कसं आहे विचारतात, मग मुलं, मग गुरं, मग शेत, मग रात्रीची झोप. सगळ्यांची उत्तरं झाली की काम. सुरुवातीला माझा पाय जमिनीवर ठरत नसे. नाशिकला कॉलेजात मी घाईने बोलायला शिकलो होतो. तिथे हळूहळू लक्षात आलं की माझ्या स्वतःच्या गावीही माणसं बांधावर थांबून असंच विचारतात. मी ते विसरलो होतो, आणि परक्या भाषेत पुन्हा शिकत होतो.

आणखी एक शब्द शिकलो, 'पोले'. कोणी ठेचकाळलं, कोणाच्या डोक्यावर ओझं असलं, कोणी आजारी असलं, कोणाचं माणूस गेलं, तर म्हणायचं, पोले. तुझ्या त्रासाचं मला वाईट वाटतं, असा काहीसा अर्थ. सांत्वनासाठी एवढा लहान शब्द मला दुसऱ्या कुठल्या भाषेत भेटलेला नाही. सरपणाचा भारा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला येणारा-जाणारा प्रत्येकजण तो म्हणायचा आणि ती प्रत्येकाला उत्तर द्यायची. ओझं तेवढंच राहायचं. पण ते सगळ्यांनी पाहिलेलं असायचं.

माझ्या शेजारी मामा तुलिया राहायची. तिकडे मामा म्हणजे आई, आणि बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. तुलियाची आई. आपल्याकडे खेड्यात म्हणतात तसंच. नवरा नव्हता, मुली लग्न होऊन गेल्या होत्या, आणि शाळेलगतचं शेत ती एकटी कसायची. आवाज मोठा. हसली की अंगणातल्या कोंबड्या बाजूला व्हायच्या.

पहिल्या थंडीत मला ताप आला तेव्हा ती दाराशी आली आणि भोपळ्याच्या वाळलेल्या तुंब्यातून काहीतरी गरम कपात ओतलं. तपकिरी, घट्टसर. वाफ नाकात गेली आणि मी कप तसाच धरून राहिलो.

"पी. विष नाही," ती म्हणाली.

"हे काय आहे?"

तिने धान्याचं तिकडचं नाव सांगितलं आणि ओंजळीत आणून दाखवलं. नागली. तांबूस, बारीक, तीच. वसतिगृहातली सकाळची पेज, पालातल्या चुलीवरची आंबील, तीच.

"हे आमच्या डोंगरात पिकतं," मी म्हणालो.

"खोटं. तुम्ही लोक भात खाता आणि दुकानात बसता."

बरा झाल्यावर मी तिच्या अंगणात, तिच्याच चुलीवर, हाताने थापून नागलीची भाकरी केली. तिने ती उलटसुलट पाहिली, मोडली, चावली. "पातळ आहे," ती म्हणाली, "आणि मधे जळली आहे. पण तू खोटं बोलत नाहीस." त्या दिवसापासून तिने मला पाहुणा म्हणून वागवणं बंद केलं. म्हणजे ती मला कामं सांगू लागली.

सहा महिन्यांतून एकदा मी घरी फोन करायचो. आमच्या डोंगरातल्या गावाजवळच्या बाजारपेठेत किराणा दुकानात फोन होता. आधी निरोप पाठवायचा, मग ठरलेल्या दिवशी आई-वडील तिथे येऊन बसायचे. अशाच एका फोनवर मी सांगितलं की मामा तुलिया मला पेज देते.

"कोणाचा मामा?" वडिलांनी विचारलं.

"ती बाई आहे, बा."

"बाईला मामा?" फोन खरखरला. मग, "लय लांब गेलास रं तू."

वडिलांचा आवाज मी ऐकला तो शेवटचा. त्यांचं बोलणं तसं कमीच असायचं, त्यामुळे ते लक्षात राहिलं आहे.

ते गेले ते द्राक्षाच्या तोडणीत, निफाडच्या बाजूला, बागेतच. निरोप मला मिळाला तेव्हा आठवडा उलटून गेला होता. तालुक्याच्या चर्चमध्ये आलेला निरोप मुख्याध्यापक सायकलवरून घेऊन आले. त्यांनी शाळेच्या ओट्यावर मला सांगितलं, माझा हात धरून उभे राहिले. मी त्यांचे आभार मानले. तिसरा तास माझा होता. मी वर्गात गेलो आणि खडू घेतला. दुसरं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. गावी जाणं होणार नव्हतं, माती देऊन झाली होती, आणि इथे माझ्या वडिलांना ओळखणारं कोणी नव्हतं.

फळ्यावर भिंगाची आकृती अर्धी झाली असेल, तेवढ्यात दारात मामा तुलिया उभी राहिली. शेतातून आली होती, पाय चिखलाने भरलेले.

"मास्तर, बाहेर ये."

"तास आहे."

"ज्याचा बाप गेला त्याला आज तास नसतो. बाहेर ये."

वर्गातली मुलं उठून उभी राहिली आणि एकेक करून 'पोले' म्हणाली. मी खडू ठेवला.

घरी आलो तर माझं घर रिकामं केलेलं होतं. टेबल, खुर्च्या, पुस्तकांची पेटी सगळं अंगणात, आणि खोलीभर गवती चटया. मागच्या बाजूला पुरुष लाकडं फोडत होते. बाया येत होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर लहानसं टोपलं, टोपल्यात पीठ. त्या पीठ एका मोठ्या पातेल्यात ओतत आणि आत येऊन भिंतीला टेकून, पाय पसरून बसत.

मला संकोच वाटला. मी मामा तुलियाला बाजूला घेऊन म्हणालो, "माझे वडील इथे नाहीत. तिकडे सगळं झालं आहे. तुम्ही कशाला काम सोडून..."

"तुझा बाप इथे नाही हे आम्हाला दिसतं," ती म्हणाली. "तू इथे आहेस. आम्ही तुझ्यापाशी बसतो आहोत. बस."

मी बसलो.

ते पावसाचे दिवस होते. मक्यात गवत माजलं होतं, निंदणी सोडून चालण्यासारखी नव्हती. तरी तीन दिवस लोक बसले. बाया आत, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. पाऊस आला की पुरुष वळचणीला सरकत आणि थांबला की पुन्हा ओल्या लाकडांना फुंकर घालत. दुसऱ्या दिवशी मंडळीतला एक वडीलधारा म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला, आता मृताचा वृत्तान्त. तिकडे रीत आहे. माणूस गेलं की त्याच्या जवळचं कोणी उभं राहून त्याचं आयुष्य सगळ्यांना सांगतं. कुठे जन्मला, काय केलं, कोणाशी लग्न, कशी माणसं मागे राहिली. त्याशिवाय बसणं पुरं होत नाही.

मी उभा राहिलो. शिकलेल्या माणसाचे वडील म्हणून लोकांच्या मनात काय होतं कोण जाणे. मी सांगितलं, ते द्राक्षाच्या बागेत फवारणीची नळी ओढायचे. बाग त्यांची नव्हती. त्यांना वाचता येत नव्हतं.

"उंच होता का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही. माझ्या खांद्याला लागायचे."

"गात होता का?"

"बेसूर. पण मोठ्याने."

"कोणाशी भांडला?"

"मुकादमाशी. दर वर्षी. आणि दर वर्षी त्याच्याच टेम्पोतून जायचे."

बाहेरून हसू आलं, आत बायाही हसल्या. मला वाटलं आता थांबावं, पण ते विचारत राहिले. काय खायला आवडायचं, कुत्रा पाळला होता का, बायकोला काय म्हणून हाक मारायचा. विचारता विचारता अंधुक असलेला माणूस हळूहळू त्या खोलीत येऊन बसला. सगळं विचारून झाल्यावर मामा तुलियाने अंगावरच्या कापडाचं टोक तोंडाला लावलं आणि रडायला लागली, आणि तिच्यामागून बाकीच्या. मी रडलो की नाही ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की पुढे त्या गावात माझ्या वडिलांचा विषय निघाला, तर लोक ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत.

तिसऱ्या दिवशी चटया गुंडाळल्या गेल्या, टेबल आत आलं. जाताना मामा तुलिया म्हणाली, "एक राहिलं. ज्याला माती देता आली नाही, त्याने घरी परतल्यावर आधी कबरीकडे जायचं, मग दाराकडे. आधी दारात गेलास तर तुझं दुःख बाहेरच उभं राहील."

महिनाभराने आईशी फोनवर बोलणं झालं. मी विचारलं, सगळं कसं झालं. ती सांगत गेली, कोरड्या आवाजात, जसा बाजार सांगावा. "टेंपोनं गावाला आणलं. मंगळवारी माती दिली. गुरुवारी परत बागेत गेलो. माल पिकला व्हता, थांबता येत नव्हतं."

"कोणी बसलं नाही?"

"कोण बसंल? गावात व्हतं कोण? समदे बागेतच." मग, "तू तिथं एकटाच व्हतास ना रं? कोणी नव्हतं तुझ्याजवळ."

मी "होते लोक" एवढंच म्हणालो. तिला तीन दिवसांचं सांगता आलं नाही. तिचा नवरा गेला आणि तिला पुरते दोन दिवसही मिळाले नाहीत. माझ्यासाठी मात्र परक्या लोकांनी मका गवतात सोडला. हे तिला फोनवर कसं सांगणार? त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर ती पाण्याबद्दल विचारायची, जेवणाबद्दल विचारायची, आणि वडिलांचं नाव काढायची नाही. मीही काढत नव्हतो. नवं शतक लागलं ते असंच, आमच्या दोघांच्यात काहीतरी न बोललेलं ठेवून.

आई शेवटची काही वर्षं इंदिरानगरला आमच्याकडे होती. गिरणीवर तीच जायची, आणि पीठ बारीक झालं म्हणून भाऊंशी तिचं दर शनिवारी वाजायचं. तिच्या तोंडून मी वडिलांचं खूप ऐकलं, मला माहीत नसलेलं कितीतरी. तसं बोलणं आमच्यात सुरू झालं त्याला एक दिवस कारण झाला. तो मला पुरता आठवतो.

मी परत आलो तो मे महिना होता. नाशिकहून पेठची गाडी, मग फाट्यावरून चालत. डोंगरात भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते आणि जळलेल्या पालापाचोळ्याचा वास सगळीकडे होता. बागेतली माणसं गावाला परतलेली होती. आमच्या घरातून धूर निघताना दिसत होता. मी ते पाहिलं आणि नदीच्या अंगाला वळलो.

विहिरीवरची एक बाई ओरडली, "अरं, घर इकडं हाय! इसरलास का?"

"आधी तिकडं जाऊन येतो," मी म्हणालो.

कबरीवर दगड रचलेले होते, चुलत्यांनी केलेला लाकडी क्रूस एका बाजूला कलला होता. मी दगडांवर माती सोडली. प्रार्थना केली. मग नुसताच उभा राहिलो. नदी आटली होती, टिटवी ओरडत होती, आणखी काही नव्हतं.

थोड्या वेळाने आई आली. विहिरीवरून बातमी पोचली असणार. कमरेवर पाण्याची कळशी, कारण मातीवरून आलेल्याने हातपाय धुतल्याशिवाय घरात येऊ नये. पाच वर्षांत ती वाळली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घर दिसलं नाय का?"

"दिसलं."

"मग?"

"आधी इथं यायला सांगितलं होतं."

"कोणी?"

"मामा तुलियानं."

"ती पेजवाली?"

"हो."

आईने कळशी खाली ठेवली. "तिला काय ठाऊक तुझा बा?"

मग मी सांगितलं. शाळेच्या दारातून बोलावलं तिथपासून. चटया, टोपल्यातलं पीठ, लाकडं फोडणारी माणसं, उंच होता का, गात होता का. आईची नजर कळशीतल्या पाण्यावर होती.

"तीन दिस बसले?"

"तीन दिवस."

"काम नव्हतं त्यांना?"

"होतं. निंदणीचे दिवस होते."

"निंदणी सोडून?"

"हो."

तिने मान वळवली आणि कबरीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला वाटलं आता ती म्हणेल, चल, भाकर निवते. पण ती पुढे झाली, कललेला क्रूस सरळ केला, बुडाशी दगड लावला, आणि कबरीशेजारी खाली बसली. पाय पसरून. डोक्यावरचा पदर पुढे ओढून. मग तिचा आवाज फुटला. असा आवाज मी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता.

मी तिच्या शेजारी बसलो. कळशी तशीच राहिली.

रानातून सरपण घेऊन येणारी एक बाई वाटेवर थांबली. तिच्यामागे आणखी दोघी होत्या. पहिली लांबूनच म्हणाली, "काय गं, काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाय," आई म्हणाली. "याच्या बापाचं बसायचं राहिलं व्हतं."

त्या बाईने डोक्यावरचा भारा उतरवला, बांधाला टेकवला, आणि आईजवळ येऊन बसली. मागच्या दोघींनीही भारे उतरवले.